साठ बंदुकांची तिजोरी, तीस बंदुकांची जागा

गन सेफच्या माहितीपत्रकात '६०' किंवा '६४' असा ठळक आकडा असतो. मोठ्या संग्रहासाठी तिजोरी घेताना सगळ्यात आधी हा आकडा बाजूला ठेवावा. तो काढताना सगळ्या बंदुका सडपातळ, दुर्बीण नसलेल्या, बोल्टची (नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ बाहेर न आलेल्या धरलेल्या असतात, आतले सगळे कप्पे काढून टाकलेले असतात आणि दस्त्याला दस्ता घासला तरी चालेल असे मानलेले असते. खऱ्या संग्रहात यातले काहीच नसते.

टेप घेऊन हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. बाहेरून १८३ सेंमी उंच, १०७ सेंमी रुंद आणि ७० सेंमी खोल अशी तिजोरी 'साठाची' म्हणून विकली जाते. आगरोधक थर आणि आतले अस्तर वजा केले की रुंदी साधारण ९५ सेंमी उरते. दुर्बीण लावलेल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला, शेजारच्या रायफलीला ओरखडा न पडता उभी करायची तर, १० सेंमी लागतात. सडपातळ दुनळीला साडेसहा सेंमीत भागते. मागच्या रांगेत दुनळ्या ठेवल्या तर १४ बसतात, पुढच्या रांगेत दुर्बिणीच्या रायफली ९. दाराच्या आतल्या बाजूच्या रॅकवर आणखी चार-पाच. एकूण २७-२८. तिसरी रांग बसवता येते, पण मग मागची एक बंदूक काढायला पुढच्या चार-पाच बाहेर काढून कुठेतरी टेकवाव्या लागतात. दस्त्यांवरचे डाग, वाकलेल्या माश्या (नळीच्या टोकावरचे नेम धरायचे उंचवटे) आणि दुर्बिणींचा बिघडलेला नेम ही बहुतेक वेळा अशा उचलाठेवीची देणगी असते, आणि चोरापेक्षा हे नुकसान कितीतरी जास्त वेळा होते. म्हणून आमचा नियम सरळ आहे: छापील आकड्याच्या निम्मे धरा, आणि त्यातही पहिल्या दिवशी ७० टक्क्यांहून जास्त भरणार असेल तर ती तिजोरी लहान आहे.

उंचीही आधी मोजावी. १५० सेंमी उंचीच्या तिजोरीत आतली उभी जागा १३८ सेंमीच्या आसपास मिळते. जुन्या लष्करी रायफलींतली रशियन मोसिन-नागांत ९१/३० (१२३.२ सेंमी), जर्मन गेवेर ९८ (१२५ सेंमी), लांब नळीची दुनळी, हे सगळे तिच्यात उभे राहते. लाँग लँड ब्राऊन बेस ही जुनी ब्रिटिश ठासणीची बंदूक मात्र सुमारे १५८ सेंमीची असते. ती तिरकी ठेवली तर तीन बंदुकांची जागा खाते. संग्रहात ठासणीच्या लांब बंदुका असतील तर १८३ सेंमीची उंची घ्यावीच लागते, नाहीतर त्यांच्यासाठी आडवे कप्पे असलेले वेगळे कपाट करावे लागते.

मोठी घरगुती तिजोरी: दार बघून भुलू नका

या वर्गातल्या तिजोऱ्यांचे दार दहा-बारा सेंमी जाड दिसते. त्या जाडीत पोलाद किती आणि जिप्सम बोर्ड किती, हे विचारावे. पुष्कळ मॉडेलांत पुढचा पत्रा तीन ते पाच मिमी, मग बोर्डाचे थर आणि आतून पातळ पत्रा असतो. दारापेक्षा महत्त्वाचे म्हणजे अंग. बाजू, पाठ आणि छत कोणत्या पत्र्याचे आहे, ते माहितीपत्रकात बारीक अक्षरात किंवा नुसत्या गेजमध्ये दिलेले असते. १४ गेज म्हणजे १.९ मिमी, १२ गेज २.७ मिमी, १० गेज ३.४ मिमी, ७ गेज ४.६ मिमी. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड, आणि इथेच पुष्कळ जण उलटे समजतात. १२ गेजचे अंग विजेवर चालणाऱ्या कटिंग मशिनपुढे काही मिनिटांचे पाहुणे असते. दाराला चौदा अडसर असोत की चोवीस, त्याने यात काही फरक पडत नाही. मोठ्या संग्रहासाठी १० गेजच्या खाली उतरू नये आणि शक्य असेल तर ७ गेज घ्यावे, असे आमचे मत आहे.

अडसरांची संख्या हा तर निव्वळ विक्रीचा मुद्दा आहे. पहार लावल्यावर अडसर क्वचितच तुटतात. चौकट वाकते आणि अडसर त्यातून निसटतात. म्हणून दुकानात दार उघडून चौकटीची दुमड बघावी: पत्रा एकदाच वळवला आहे की आतून दुसरा पट्टा वेल्ड केला आहे? दार बंद केल्यावर फट सगळीकडे सारखी आहे का? फटीत नाणे सहज शिरत असेल तर पहारीचे टोकही शिरायला वाव आहे. कुलपाच्या समोर कठीण पोलादाची पट्टी आहे का आणि कुलूप फोडायचा प्रयत्न झाला तर आपोआप पडणारा दुय्यम अडसर आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. उत्तर घुटमळत आले तर पुढच्या मॉडेलकडे वळावे.

खरे उत्तर मात्र लेबलवर असते. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेच्या १०३७ क्रमांकाच्या मानकाखाली 'रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर', म्हणजे आरएससी, हा दर्जा मिळतो. त्याच्या पहिल्या पातळीत एक माणूस पाच मिनिटे हातोडा, छिन्नी, पहार, स्क्रू-ड्रायव्हर अशा हत्यारांनी झटतो. हत्याराची लांबी १८ इंचांच्या आत आणि हातोडा तीन पौंडांपर्यंतचा. बहुतेक मोठ्या, चकचकीत गन सेफ याच पायरीवर असतात, आणि हे लेबल कमी दर्जाचे मानायचे कारण नाही. घाईत असलेल्या भुरट्या चोराला ते पुरते. पण तीस-चाळीस बंदुका घरात आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो घाईत येत नाही आणि रिकाम्या हातानेही येत नाही. त्याच्यासाठी यूएल ६८७ खालचे टीएल-१५ आणि टीएल-३० हे दर्जे आहेत. त्यांतली १५ किंवा ३० मिनिटे हत्यार प्रत्यक्ष लागलेले असतानाची मोजतात, हत्यार बदलायला लागलेला वेळ त्यात धरत नाहीत. टीएल-३० च्या चाचणीत घासून कापणाऱ्या चकत्या आणि विजेच्या करवतीही येतात. साध्या टीएल दर्जात दार आणि पुढची बाजू तपासली जाते. सहाही बाजू हव्या असतील तर 'एक्स-६' ही खूण बघावी.

युरोपात दोन मानके चालतात. ईएन १४४५० मध्ये एस-१ आणि एस-२ अशा हलक्या पायऱ्या आहेत, तर ईएन ११४३-१ मध्ये ० पासून पुढे चढते दर्जे. जर्मनीने जुलै २०१७ पासून नव्या शस्त्रकपाटांसाठी ० दर्जा ही किमान अट केली. २०० किलोंपेक्षा हलक्या ० दर्जाच्या कपाटात लांब बंदुका कितीही, पण पिस्तुले पाचच. वजन २०० किलो किंवा जास्त असेल तर दहा. त्याहून अधिक पिस्तुलांसाठी १ दर्जा. ही वाटणी आम्हाला फार शहाणपणाची वाटते, कारण चोराच्या खिशात मावते ते पिस्तूल. आपल्या भागातला कायदा काहीही सांगो, पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर सगळ्यात मजबूत पेटीत ठेवावीत.

'एक तास आगरोधक' म्हणजे काय

आगीच्या दाव्यांत एकवाक्यता नाही. कोणी ६५० अंश सेल्सिअसला तासभर म्हणतो, कोणी ७६० ला दोन तास, आणि पुष्कळदा चाचणी उत्पादकानेच केलेली असते. यूएल ७२ चा 'क्लास ३५०' दर्जा असेल तर आतले तापमान ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १७७ सेल्सिअसच्या, वर गेलेले नसते. ही मर्यादा कागदासाठी ठरवलेली आहे. या तापमानात रायफलीची नळी शाबूत राहते, पण प्लास्टिकचे भाग, दुर्बिणीतले रबरी सील आणि दस्त्याचे पॉलिश यांची हमी नाही.

संरक्षण देतो तो जिप्सम. त्याच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी त्याच्या स्फटिकात बांधलेले असते, आणि तापल्यावर ते वाफ होऊन उष्णता शोषते. वर सांगितलेल्या मापाच्या तिजोरीचा पृष्ठभाग सुमारे ८ चौरस मीटर. बोर्डाचे दोन थर धरले तर १४० किलोंच्या आसपास जिप्सम आणि त्यात पंचवीस ते तीस लिटर पाणी. आग लागल्यावर त्यातली बरीच वाफ आत शिरते. म्हणून आग विझल्यानंतर तिजोरी न जळलेली बघून निश्चिंत होऊन चालत नाही. हात लावता येईल इतकी ती थंड झाली की शक्य तितक्या लवकर उघडावी, प्रत्येक शस्त्र बाहेर काढून पुसावे, दस्ता आणि नळी वेगळी करून तेल लावावे. दोन दिवस उशीर झाला तर आगीतून वाचलेला संग्रह गंजाने जातो.

दाराभोवतीची, आगीच्या उष्णतेने फुगणारी पट्टी चारही बाजूंनी सलग आहे का, हे बघावे. बिजागरीच्या बाजूला ती पुष्कळदा अर्धीच असते, आणि धूर व वाफ नेमकी तिथून आत जाते.

हलकी, जोडायची कपाटे

चाळीस-पन्नास किलोंची, पातळ पत्र्याची, एकमेकांना बोल्टने जोडायची कपाटे अलीकडे लोकप्रिय आहेत. त्यांचा एक गुण निर्विवाद आहे: आतली मांडणी. पाठीला छिद्रांची जाळी, तिच्यात हवे तिथे अडकणारे दस्त्याचे आधार आणि नळीचे खोबणे. एकच रांग असल्यामुळे प्रत्येक बंदूक दुसरीला न हलवता निघते. वरच्या मजल्यावर ती जिन्याने नेता येतात. आगीपासून संरक्षण मात्र जवळजवळ शून्य आणि पहारीपुढे टिकाव फार थोडा. मुलांच्या आणि पाहुण्यांच्या हातापासून शस्त्रे दूर ठेवायला ती पुरतात. मोठ्या संग्रहाचे एकमेव संरक्षण म्हणून आम्ही ती घेऊ नका असेच सांगू. मजबूत खोलीच्या आत मांडणीसाठी मात्र यांच्याइतके चांगले काही नाही.

एकाऐवजी दोन मध्यम

पस्तीसपर्यंतच्या संग्रहासाठी आमची पसंती दोन मध्यम तिजोऱ्यांना आहे. प्रत्येकी १५० सेंमी उंच, ७५ रुंद, ६० खोल, वजन २७० किलोंच्या आसपास, अंग १० गेज किंवा जाड. प्रत्येकीत सतरा-अठरा बंदुका ऐसपैस राहतात. संग्रह वाढला की तिसरी शेजारी उभी करता येते. तितक्याच जागेची एक मोठी तिजोरी स्वस्त पडते, हे खरे, आणि मजला तेवढाच अडतो. तरीही दोनच घ्याव्यात, याची कारणे पैशापलीकडची आहेत. एक फुटली तरी अर्धा संग्रह वाचतो. एकीचे कुलूप बिघडले तर दुसरी उघडी राहते. ७५ सेंमीची पेटी घरातल्या नेहमीच्या दारातून सरळ जाते, १०७ ची सरळ जात नाही. आणि रायफली एकीत, त्यांचे बोल्ट दुसरीत, अशी विभागणी करता येते. मग एक तिजोरी फोडून चोराच्या हाती लागते ते अपुरे शस्त्र.

वजनाचा हिशेब चुकवू नये. घरातल्या मजल्याचे डिझाइन साधारण दर चौरस मीटरला २०० किलो या समभाराचे असते. ५०० किलोंची तिजोरी, आत ११० किलो बंदुका, बूड पाऊण चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ८०० किलोंच्या वर. याचा अर्थ मजला लगेच कोसळतो असा नाही, कारण तो भार खोलीच्या छोट्याशा भागावर असतो आणि बाकीचा मजला तो वाटून घेतो. पण लाकडी मजला दबतो, तिजोरीची चौकट किंचित पिळवटते आणि दार घासायला लागते. मध्यम तिजोरीचे बूड लहान असल्याने दर चौरस मीटरचा भार तिच्यातही ७०० च्या पुढेच जातो. फायदा एवढाच की दोन पेट्या दोन वेगळ्या भिंतींशी ठेवता येतात. वरच्या मजल्यावर ठेवायचे असेल तर भारवाही भिंतीला लागून, वाशांना आडवी ठेवावी आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. जमिनीवरचा काँक्रीटचा कोबा सगळ्यात उत्तम.

जागा कोपऱ्यातली निवडावी आणि मुठीची बाजू भिंतीकडे ठेवावी. दार भिंतीपासून दूर उघडते, आणि पहार लावणाऱ्याला जोर काढायला जागाच उरत नाही. तिजोरी टेकवण्याआधी खाली पाच-सहा मिमी जाड रबराची किंवा एचडीपीई प्लास्टिकची पूर्ण चादर घालावी. काँक्रीट वर्षानुवर्षे ओल सोडते आणि बूड खालून गंजते. मग दार ९० अंशांवर उघडून सोडावे. आपोआप हलत असेल तर पोलादी पट्ट्या सरकवून समतोल साधावा. त्यानंतरच जमिनीला जखडणारे बोल्ट, म्हणजे अँकर. आधी ओळंबा, मग अँकर. हा क्रम उलटा झाला की चौकट कायमची वाकडी बसते.

अँकर चारही कोपऱ्यांत, १२ मिमीचे, प्रसरण पावणारे. १०० मिमीच्या काँक्रीटमध्ये ६५ ते ७० मिमी खोली पुरते, भोक त्याहून सेंटीमीटरभर खोल पाडावे. भोकातली पूड फुंकून किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढावी. अँकर गोल फिरत राहतो आणि आवळत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा आत राहिलेली ही पूड असते. जमिनीखाली तापवायच्या नळ्या किंवा ताणलेल्या केबल असतील तर आधी शोधून घ्याव्यात. बुडाची न वापरलेली भोके सीलंटने बुजवावीत. ३०० किलोंच्या तिजोरीला अँकरची गरज नाही, असे सांगणारे विक्रेते भेटतात. पाठीवर आडवी पाडलेली तिजोरी उभ्या तिजोरीपेक्षा कितीतरी सोप्या रीतीने फुटते, म्हणून त्यांचे ऐकू नये.

खोलीच तिजोरी

संग्रह शंभराच्या पुढे गेला की पेट्या मोजत बसण्यापेक्षा खोली बांधावी. नव्या बांधकामात २०० मिमी जाड सळईचे काँक्रीट, सळ्या १२ मिमीच्या, दोन्ही दिशांनी १५० ते २०० मिमी अंतरावर. जुन्या घरात यूएल ६०८ खालचे तयार पॅनल मिळतात. त्यांचा क्लास एम १५ मिनिटांचा, क्लास १ अर्ध्या तासाचा, क्लास २ तासाभराचा आणि क्लास ३ दोन तासांचा. पॅनल आतून बोल्टने जोडले जातात, त्यामुळे घर बदलले तर ते बरोबर नेता येतात.

सगळ्यात जास्त चुका छतात होतात. तळघरात भक्कम भिंती, भारी दार, आणि वर साधा लाकडी मजला, अशी खोली वरून उघडते. छत भिंतींइतकेच मजबूत हवे. वीज, अलार्म आणि डीह्युमिडिफायरच्या पाण्याची नळी यांच्या वाटा काँक्रीट ओतण्याआधी टाकाव्यात, नंतर पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे एक कमकुवत जागा. दार निवडताना आतून उघडायची सोय असल्याशिवाय घेऊच नये. माणूस आत असताना दार लागू शकते, आणि बंद खोलीत हवा मोजकीच असते. ही सोय दर महिन्याला प्रत्यक्ष आत उभे राहून तपासावी, बाहेर दुसरा माणूस ठेवून.

नवे काँक्रीट सुकायला वेळ घेते. एका बाजूने सुकत असेल तर महिन्याला सुमारे २५ मिमी, असा ढोबळ हिशेब धरतात. खोली तयार झाली म्हणून दुसऱ्या आठवड्यात संग्रह आत हलवणे ही महागडी चूक आहे. नोंद ठेवणारा आर्द्रतामापक आत ठेवावा आणि सलग चार आठवडे आकडा ५० टक्क्यांच्या खाली राहिल्यावरच पहिली बंदूक न्यावी.

कुलूप

गोल डायलचे यांत्रिक कुलूप सावकाश उघडते, पण बिनबोभाट पंचवीस-तीस वर्षे चालते. नेहमीची रीत: डावीकडे चार वेळा फिरवून पहिला आकडा, उजवीकडे तीन वेळा फिरवून दुसरा, डावीकडे दोन वेळा फिरवून तिसरा, मग उजवीकडे अडेपर्यंत. आकडा ओलांडला तर मागे येऊन चालत नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यूएल ७६८ चा ग्रुप २ दर्जा घरासाठी ठीक.

कीपॅडचे कुलूप सोयीचे, मात्र कधीतरी न सांगता बंद पडते. ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी वर्षातून एकदा, चालत असली तरी, बदलावी. स्वस्त बॅटरीत व्होल्टेज दिसते पण मोटर फिरवायला करंट पुरत नाही, आणि मग कीपॅड वाजते, अडसर मात्र हलत नाही. कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदलावा. नवा कोड दार उघडे ठेवून निदान तीनदा लावून-उघडून बघावा, मगच दार ढकलावे. बोटाच्या ठशाचे कुलूप मोठ्या तिजोरीचे मुख्य कुलूप म्हणून आम्ही सुचवणार नाही. मोठ्या संग्रहासाठी आमची निवड: रोज उघडायच्या तिजोरीला कीपॅड, क्वचित उघडणाऱ्या तिजोरीला डायल.

किल्लीवर चालणारी तिजोरी असेल तर किल्ली हाच कच्चा दुवा. जर्मनीत म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की किल्लीसुद्धा तितक्याच दर्जाच्या पेटीत ठेवायला हवी. कायदा कुठलाही असो, ही गोष्ट बरोबर आहे. कपड्यांच्या कपाटात लपवलेली किल्ली घरातली मुले आणि चोर दोघेही शोधतात.

गंज: पाणी येते कुठून

यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर. लक्ष्य असे: तापमान २० अंशांच्या आसपास, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के. ६० च्या वर पोलाद झपाट्याने गंजते, ३५ च्या खाली दस्ते आकसून तडकतात.

आता हिशेब. मोठ्या तिजोरीत साधारण ०.६५ घनमीटर हवा. २५ अंशांना ७० टक्के आर्द्रतेच्या त्या हवेत पाणी किती? जेमतेम १० ग्रॅम. पाचशे ग्रॅम सिलिका जेल ते सहज पिऊन टाकेल. तरीही जेल तीन आठवड्यांत संपते, कारण पाणी हवेत नसतेच, ते दस्त्यांत असते. ७० टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे १३ टक्के ओलावा धरते, ५० टक्क्यांत ९ च्या आसपास. म्हणजे किलोभर वजनाचा अक्रोडाचा दस्ता सुकताना ४० ग्रॅम पाणी सोडतो. असे २८ दस्ते म्हणजे लिटरभराच्या वर. त्यात आतला गालिचा, त्याचा गोंद आणि जिप्सम बोर्ड यांची भर. दमट खोलीतून आणलेल्या बंदुका कोरड्या तिजोरीत कोंबल्या की आतली हवा त्यांच्याच पाण्याने दमट होते.

म्हणून आधी खोली कोरडी करावी. कॉम्प्रेसरवर चालणारा, पाणी थेट गटारीत सोडणारा डीह्युमिडिफायर खोलीत ठेवून महिनाभर ५० टक्के राखले की तिजोरीतले अर्धे काम आपोआप होते. गरम राहणारी दांडी, गोल्डनरॉडसारखी, पाणी काढत नाही. ती हवा किंचित तापवते आणि सापेक्ष आर्द्रता उतरवते. २० अंशांची ६० टक्क्यांची हवा २३ अंशांवर नेली की आकडा ५० वर येतो, एवढा साधा हिशेब. दांडी सगळ्यात खाली, आडवी, तळापासून चार-पाच सेंमीवर बसवावी, म्हणजे गरम हवा वर चढत फिरते. दांडीला दस्ता, स्पंज किंवा फोम टेकू देऊ नये. वायर बाहेर काढायचे भोक सीलंटने भरावे. जेल ठेवावे ते बंद खणांत आणि पिस्तुलांच्या डब्यांत. रंग बदलला की भट्टीत १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते.

आर्द्रतामापक खोटे बोलतात, निदान स्वस्त तरी. तपासायला चमचाभर मिठात थोडे थेंब पाणी घालून ओले करावे, विरघळू देऊ नये. ते झाकणात घेऊन मापकासह बंद पिशवीत दहा-बारा तास ठेवावे. आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर पुढे नेहमी पाच मिळवावेत. तिजोरीत असे दोन मापक ठेवावेत, एक तळाशी आणि एक वर.

चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत शस्त्र कायमचे ठेवू नये. चामडे कमावण्याची रसायने आणि फोमने धरलेली ओल नळीवर ठिपक्यांचा गंज आणते. ओकच्या लाकडाचे खण आतून करू नयेत, त्यातून निघणारे आम्ल पोलाद आणि शिसे दोन्ही खाते. वर्षानुवर्षे हलणार नाहीत अशा संग्राह्य शस्त्रांना तेलाऐवजी मेणाचा पातळ थर द्यावा. रेनेसान्स वॅक्स हे ब्रिटिश म्युझियममध्ये याच प्रकारच्या कामासाठी तयार झाले. वापरातल्या बंदुकांना तेल, पण थेंबाने. नळी वर करून उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले जास्तीचे तेल दस्त्याच्या मानेत उतरते आणि लाकूड मऊ करते. हाताळताना नायट्रिलचे हातमोजे घालावेत. घामातले मीठ एका रात्रीत बोटाचा ठसा गंजाने उमटवते.

दारूगोळा आणि सुटे भाग

काडतुसे वेगळ्या, कुलपाच्या, हलक्या कपाटात. धूरविरहित बारूद जाड पोलादी तिजोरीत कधीही ठेवू नये. मोकळ्यावर ती भडकून जळते, पण घट्ट बंद जाड पेटीत वायूचा दाब साठत जातो आणि पेटी फुटते. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या मानकात २० पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे ९ किलोंच्या वर, साठा असेल तर इंचभर जाडीच्या लाकडी पेटीची सूचना आहे. दाब वाढण्याआधी पेटी सुटावी, हाच त्यामागचा विचार.

बोल्ट दुसऱ्या तिजोरीत ठेवायचे तर प्रत्येकाला कापडी पट्टीवर रायफलीचा क्रमांक लिहून बांधावा. एकाच जातीच्या दोन रायफलींचे बोल्ट दिसायला सारखे असतात आणि अदलाबदल करून बसतातही. पण काडतुसाच्या बुडाशी राहणारी मोकळी जागा प्रत्येक जोडीची वेगळी जुळवलेली असते. चुकीच्या बोल्टने ती वाढली तर काडतुसाचे पितळ फाटून वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. जुन्या लष्करी रायफलींवर पुष्कळदा रिसीव्हरचा (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागाचा), बोल्टचा आणि नळीचा असे तीन क्रमांक असतात. यादीत तिन्ही लिहावेत, फोटोसह, आणि यादीची एक प्रत घराबाहेर ठेवावी. बोल्ट परत बसवताना आधी क्रमांक वाचावा, आणि क्रमांक जुळत नसतील तर बंदूकसाजाकडून ही मोकळी जागा मोजायच्या गेजने तपासून घेतल्याशिवाय ती रायफल झाडू नये.